इम्प्लांट, फिलर आणि बीएमआय : काट्यावर नेमकं काय चढतं?

तराजू

स्तनांचे किंवा नितंबांचे इम्प्लांट, चेहऱ्यातले फिलर (भराव देणारी इंजेक्शनं) यांनी बीएमआय किती बदलतो, हा प्रश्न या मंचाच्या वेगवेगळ्या धाग्यांवर डोकावतो आणि 'फारसा नाही' एवढ्या उत्तरावर विरून जातो. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. म्हणून इथे आकडे मांडतो. चुकलं तर दुरुस्त करा.

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. तेव्हा आपल्या उंचीचा वर्ग एकदाच काढून ठेवावा. बीएमआय एका अंकानं हलायला तेवढे किलो लागतात. १.५० मीटर उंचीला २.२५ किलो, १.६० ला २.५६, १.७० ला २.८९ आणि १.८० ला ३.२४.

आता वजनं. स्तनांत बसवायच्या सिलिकॉन जेलची घनता साधारण ०.९७, म्हणजे पाण्याहून किंचित हलकी. दोन्ही बाजूंना ३००-३०० सीसी (१ सीसी म्हणजे १ मिली) धरले तर ५८२ ग्रॅम. १.६० मीटरच्या बाईचा बीएमआय यानं ०.२३ नं वाढतो. ५००-५०० सीसी म्हणजे ९७० ग्रॅम, वाढ ०.३८. नितंबांचे इम्प्लांट घट्ट सिलिकॉन रबराचे असतात आणि त्यांची घनता १.१ च्या आसपास. ३५०-३५० सीसीचे ७७० ग्रॅम, वाढ ०.३०. हनुवटीचं इम्प्लांट काही ग्रॅमचंच.

फिलरची सिरिंज बहुतेक वेळा १ मिलीची. म्हणजे सुमारे १ ग्रॅम. गाल, ओठ, डोळ्यांखालचा भाग, जबडा असं सगळं मिळून १० सिरिंज गेल्या तरी १० ग्रॅम, बीएमआयमध्ये ०.००४. हा फरक दाखवेल असा घरगुती काटा नाही. सुरकुत्यांवरच्या बोटुलिनमचं तर बोलायलाच नको, तिथलं औषध नॅनोग्रॅममध्ये मोजतात.

अर्धविराम

इम्प्लांटच्या वजनाबद्दल एक सुधारणा. ०.९७ ही जेलची घनता झाली. बाहेरचं कवच रबराचं असतं आणि ते जेलपेक्षा जड. कवच धरून ३०० सीसीचं इम्प्लांट २९० ते ३०० ग्रॅमच्या मध्ये कुठेतरी येतं. त्यामुळे घरी हिशेब करताना १ सीसी = १ ग्रॅम धरा. चूक पाच टक्क्यांच्या आत राहते आणि बीएमआयमध्ये ती दुसऱ्या दशांशावर जेमतेम दिसते.

सलाईनच्या इम्प्लांटला मात्र पाकिटावरचा आकडा घेऊ नका. ते रिकामं बसवतात आणि आत गेल्यावर भरतात. '३०० सीसी' लिहिलेल्यात ३२५ किंवा ३३० मिलीही भरलेले असू शकतात, कारण कमी भरलं तर कवचाला घड्या पडतात आणि घडीवरच ते पुढे फाटतं. खरा आकडा शस्त्रक्रियेच्या नोंदीत मिळतो, बाजूवार. दोन बाजूंना वेगळा असणंही नेहमीचंच. सलाईनची घनता १.००५, तेव्हा मिली म्हणजेच ग्रॅम.

कमी वजनाचे इम्प्लांटही निघाले आहेत. जेलमध्ये पोकळ सूक्ष्मगोळे मिसळून वजन ३० टक्क्यांपर्यंत उतरवतात. तिथे सीसीवरून ग्रॅम काढले तर उत्तर फुगतं.

वामकुक्षी

फिलर पाणी ओढून फुगतो म्हणतात, मग वजन वाढत नाही का?

निळा_टाका

@वामकुक्षी, फिलरमधलं हायलुरॉनिक आम्ल पाणी धरून ठेवतं हे खरं. पण १ मिली जेलमध्ये ते असतं २० ते २५ मिलिग्रॅम, बाकी पाणी आधीच तिथे आहे. जेल फुगून दुप्पट झाला असं धरलं तरी सिरिंजमागे १ ग्रॅम जास्त. वर्षभरात तो विरघळत जातो, नको असेल तर हायलुरोनिडेज या विकरानं काही दिवसांत घालवता येतो. दोन्हीकडे वजनाला फरक शून्य.

पॉलिलॅक्टिक आम्लाच्या फिलरची तऱ्हा निराळी. कुपीत १५० मिलिग्रॅम भुकटी असते, ती पाण्यात कालवून टोचतात. पाणी काही दिवसांत शोषलं जातं आणि चेहरा पुन्हा आधीसारखा दिसतो. भराव नंतर काही महिन्यांत स्वतःच्या कोलॅजेनमुळे येतो. तोही ग्रॅमांतच.

वजनावर खरा परिणाम दिसतो तो शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, आणि तो इम्प्लांटचा नसतो. शिरेतून दिलेलं सलाईन, ऊतींमधली सूज, मंदावलेलं पोट, वर दाबपट्टा आणि ड्रेसिंग. दोन-तीन किलो जास्त दिसले तर नवल नाही. लायपोसक्शनमध्ये (नळीनं चरबी ओढून काढणं) तर चरबी काढण्याआधी लिटरांनी द्रव आत सोडतात. त्यातला बराच शरीरात राहून मग हळूहळू लघवीवाटे जातो. 'चरबी काढली आणि दुसऱ्या दिवशी वजन वाढलं' ही तक्रार त्यातूनच येते. सहा आठवडे व्हायच्या आत बीएमआय काढू नये. काढायचाच असेल तर दाबपट्टा उतरवून, सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर.

एक सावधगिरी. वजन रोज वाढतच चाललंय, एकच पाय सुजलाय, पोटरी दुखतेय किंवा धाप लागतेय, तर ती साधी सूज समजून थांबू नका. शिरेत गुठळी झाली नाही ना, हे त्याच दिवशी तपासून घ्या.

इंचपट्टी

०.२३ वर एवढी चर्चा बघून गंमत वाटली. उंची मोजताना १ सेंटिमीटरची चूक झाली तर काय होतं बघा. ६० किलो, १.६० मीटर : बीएमआय २३.४४. तीच बाई १.५९ लिहिली गेली तर २३.७३. फरक ०.२९, म्हणजे ३००-३०० सीसीच्या जोडीपेक्षा जास्त. आणि मणक्यांमधल्या चकत्या दबून माणूस संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर बुटका होतोच. आधी उंची नीट मोजा : अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, केसांचा अंबाडा सोडून. इम्प्लांटची वजाबाकी त्यानंतर.

तराजू

@इंचपट्टी, मान्य. सरासरीच्या जवळ असलेल्यांना काहीच फरक पडत नाही. पण आकडा उंबरठ्यावर असेल तर पडतो.

१.७५ मीटर, ५६.२ किलो. बीएमआय १८.३५, म्हणजे १८.५ च्या खाली, कमी वजन. ५८२ ग्रॅमची जोडी बसवली की १८.५४, कागदावर 'सामान्य'. इस्राएलमध्ये २०१२ च्या कायद्यानं मॉडेलला किमान १८.५ बीएमआय लागतो. अशा ठिकाणी अर्धा किलो सिलिकॉन नियम पार करून देतो आणि शरीरात पोषणाचा एक ग्रॅमही वाढलेला नसतो.

निळा_टाका

कमी वजनाच्या बाजूला ही वजाबाकी करायलाच हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. वरच्या बाजूला, लठ्ठपणाच्या ३० या रेषेपाशी २९.९ की ३०.१ यात, इम्प्लांटवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

इम्प्लांट काढल्यावर उलटा घोटाळा होतो. ५० किलोच्या बाईचे ५००-५०० सीसीचे काढले की काट्यावर एक किलो, म्हणजे २ टक्के वजन 'घटतं'. कुपोषण ओळखताना सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त घट हा एक निकष आहे. खरी घट साडेतीन टक्के असेल तर बेरीज निकषाच्या पुढे जाते. काढल्याची तारीख आणि काढलेल्याचं वजन नोंदीत असलं तर उगाच तपासण्यांची रांग लागत नाही.

बारीक अंगाच्या बायकांसाठी आणखी एक. स्तनाच्या वरच्या भागात चिमटीत येणारी जाडी २ सेंमीपेक्षा कमी असेल तर इम्प्लांट स्नायूखाली घेणं बरं. नाहीतर कडा हाताला लागते आणि वरून लाटा दिसतात. हा निर्णय बीएमआयवरून करू नये. एकाच बीएमआयच्या दोघींची चिमूट अगदी वेगळी भरते.

अर्धविराम

लायपोसक्शन आणि चरबीरोपण राहिलं. बीएमआय खऱ्या अर्थानं तिथे हलतो, आणि लोक फसतातही तिथेच.

काढलेला सगळा द्रव म्हणजे चरबी नव्हे. बाटली स्थिर ठेवली की वर चरबी आणि खाली रक्तमिश्रित पाणी असे थर पडतात. '३ लिटर काढलं' यात चरबी २ लिटर धरू. चरबीची घनता ०.९, म्हणजे १.८ किलो. १.६० मीटरला ०.७० अंक. एकूण ५ लिटरच्या पुढे गेलं की ते मोठ्या प्रमाणातलं लायपोसक्शन मानतात. द्रव आणि क्षारांचा तोल बिघडण्याचा धोका वाढतो, म्हणून रात्रभर देखरेखीखाली ठेवतात. वजन उतरवण्याचा हा मार्ग नव्हे, हे एवढ्यावरूनही कळावं.

आता तीच चरबी नितंबात भरली असं समजा. धुऊन-गाळून १.२ लिटर टोचली, त्यातली ६० टक्के जगली : ७२० मिली, म्हणजे ०.६५ किलो. १.८ गेले, ०.६५ राहिले, निव्वळ १.१५ किलो कमी. बीएमआय ०.४५ नं उतरला. किती टक्के जगेल हे माणसागणिक बदलतं, ६० हा फक्त हिशेबापुरता आकडा.

पुढे वजन वाढलं तर ती चरबीही वाढते, कारण त्या जिवंत पेशी आहेत. इम्प्लांट आहे तेवढंच राहतं. म्हणून दोन्हींआधी वजन काही महिने स्थिर असावं म्हणतात, पण कारणं वेगळी. रोपणात भरावच वजनासोबत कमीजास्त होतो. इम्प्लांटमध्ये वरची कातडी आणि ऊती सैलावतात किंवा ताणतात, आतला आकार तसाच.

इंचपट्टी

याच उदाहरणाला टेप लावून बघा. शस्त्रक्रियेआधी कंबर ८४, नितंब ९८ सेंमी. गुणोत्तर ०.८६, म्हणजे स्त्रियांसाठीच्या ०.८५ या मर्यादेच्या वर. नंतर कंबर ७९, नितंब १०३. गुणोत्तर ०.७७. कागदावर हृदयविकाराचा धोका एकदम खाली आला! प्रत्यक्षात आतड्यांभोवतीची, यकृतातली चरबी होती तिथेच आहे. लायपोसक्शनची नळी कातडीखालच्या थरातच फिरते, पोटाच्या स्नायूंच्या आत जात नाही.

नुसते नितंबांचे इम्प्लांट बसवले, चरबी काढलीच नाही, तरी भाजक मोठा झाल्यानं हे गुणोत्तर सुधारतं. बीएमआय थोडा वाढतो आणि कंबर-नितंब गुणोत्तर चांगलं दिसतं. दोन मापं विरुद्ध दिशांना जाऊ लागली की 'काही बसवलंय का?' हे विचारायला लाजू नये.

वामकुक्षी

मग कंबर भागिले उंची घ्या ना, त्यात नितंब येतच नाहीत.

इंचपट्टी

इम्प्लांटवाल्यांना ते चालेल. ०.५ च्या खाली असावं एवढाच नियम, आणि छातीतल्या किंवा नितंबातल्या सिलिकॉननं कंबर बदलत नाही. लायपोसक्शनवाल्यांना नाही चालणार. वरचीच बाई घ्या : ८४ भागिले १६० म्हणजे ०.५२५, नंतर ७९ भागिले १६० म्हणजे ०.४९४. तिनं ०.५ ची रेषा ओलांडली आणि आतली चरबी जागची हलली नाही.

न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००४ साली यावरचा एक अभ्यास आला होता. १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून सुमारे ९ ते १०.५ किलो चरबी काढली, आणि १० ते १२ आठवड्यांनी बघितलं तर इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद, रक्तदाब, रक्तातली मेदद्रव्यं यांत सुधारणा नव्हती. तेवढीच चरबी आहार-व्यायामानं गेली असती तर आतलीही गेली असती. म्हणून अशा व्यक्तीच्या बाबतीत टेप बाजूला ठेवून रक्तदाब, उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड आणि गरज पडल्यास यकृताची सोनोग्राफी यांवर जावं.

क्षकिरण

चरबीची टक्केवारी दाखवणाऱ्या यंत्रांचं कुणी बोललं नाही.

पायाखालचा 'बॉडी फॅट' काटा एका पायातून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडतो आणि दुसऱ्या पायातून परत घेतो. तो छातीपर्यंत नीट पोचतच नाही. त्यातून काटा चरबीविरहित वजनाचा अंदाज बांधतो आणि एकूण वजनातून ते वजा करून उरलेलं 'चरबी' म्हणून दाखवतो. त्यामुळे छातीतलं सिलिकॉन बहुतांशी चरबीच्या खात्यात पडतं. ६० किलोत १८ किलो चरबी म्हणजे ३० टक्के. इम्प्लांटनंतर ६०.६ मध्ये १८.६, म्हणजे ३०.७. हा वरच्या टोकाचा अंदाज समजा.

घनतेवरून चरबी काढण्याच्या पद्धतीत, म्हणजे पाण्याखालचं वजन किंवा हवेच्या कक्षातलं मापन, गंमत होते. सिरीचं सूत्र : ४९५ भागिले घनता, वजा ४५०. त्यात ०.९७ घाला, उत्तर ६० टक्के. म्हणजे त्या पद्धतीच्या लेखी सिलिकॉन जेल ६० टक्के चरबी आहे! सलाईन ४२ टक्क्यांच्या वर आणि नितंबांतलं घट्ट रबर जवळपास शून्य टक्के. तिन्हींत चरबीचा कण नाही.

डेक्सामध्ये (दोन ऊर्जांच्या क्ष-किरणांनी हाडं आणि चरबी मोजणारी तपासणी) सलाईन हे पाणीच, त्यामुळे ते चरबीविरहित ऊतींत मोजलं जातं. सिलिकॉनमधला सिलिकॉन अणू कार्बन-ऑक्सिजनपेक्षा जड, तो कमी ऊर्जेचे किरण जास्त अडवतो, म्हणून त्या भागाचं वाचन चरबीपासून दूर ढकललं जातं. इम्प्लांट असेल तर तंत्रज्ञाला आधी सांगा, म्हणजे छातीचा भाग वेगळा चौकटीत घेता येतो. आधीच्या आणि नंतरच्या डेक्साची थेट तुलना करू नका. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा फिलर क्ष-किरणांत, सीटीत पांढरा दिसतो, तोही सांगून ठेवावा.

निळा_टाका

@क्षकिरण, पोटरीच्या इम्प्लांटचं सांगायचं राहिलं. ते स्नायूवरच्या आवरणाखाली बसतं, त्यामुळे चिमट्याचं माप बदलत नाही, पण पोटरीचा घेर वाढतो. वयस्कांमध्ये स्नायू झिजलेत का हे चाळण्यासाठी हाच घेर बघतात. स्नायूंच्या झिजेवरच्या आशियाई कार्यगटाच्या २०१९ च्या निकषात पुरुषांना ३४ आणि स्त्रियांना ३३ सेंमीपेक्षा कमी घेर हा इशारा आहे. तरुणपणी पोटरी भरून घेतलेला माणूस सत्तरीत ही चाळणी सहज पार करेल. त्याची हाताची पकड आणि खुर्चीतून उठण्याचा वेळ बघावा.

तराजू

आणखी एक शस्त्रक्रिया आहे, जिच्यापुढे वरचं सगळं किरकोळ ठरतं : पायाची लांबी वाढवणं. इथे काटा हलत नाही, भाजक बदलतो आणि तोही वर्गात. ७० किलो, १.६५ मीटर : २५.७१. मांडीच्या हाडात सळई घालून ६ सेंमी वाढवले, १.७१ : २३.९४. चरबी न घटता पावणेदोन अंक गेले. हाड साधारण दिवसाला १ मिलिमीटर ओढतात, म्हणजे साठ दिवस नुसतं ओढणं, पुढे ते भरून घट्ट व्हायला कित्येक महिने. त्या काळात चालणं कमी, त्यामुळे मांडीचे स्नायू वाळतात आणि वजनही उतरतं. बीएमआय आणखी 'सुधारतो'.

अशा व्यक्तीचा बीएमआय जुन्या उंचीवर काढावा, असं मला वाटतं. धड तेच, अवयव तेच.

अर्धविराम

जुन्या उंचीचं पटतं, पण भूलतज्ज्ञाला किंवा औषधाचा डोस काढणाऱ्याला जुनी आणि नवी अशा दोन्ही उंच्या सांगा. कोणती कुठे धरायची ते त्यांना ठरवू द्या. तसंच इम्प्लांटचं वजनही त्यांच्यासाठी वजा करायचं नाही. किमोथेरपीचा डोस शरीराच्या पृष्ठभागावरून काढतात. १६० सेंमीला ६० किलोवर १.६३३ चौरस मीटर, ६०.६ वर १.६४१. अर्धा टक्का, डोसला काही फरक नाही. भूलतज्ज्ञाला छातीवर पडणारं एकूण वजन कळायला हवं, त्यात सिलिकॉन आलंच.

वामकुक्षी

ज्यांना कुणी गल्लीबोळात काहीबाही टोचलंय, त्यांनी किती वजा करायचं?

निळा_टाका

काहीच नाही. सुटं द्रव सिलिकॉन किती गेलं, कुठवर पसरलं, किती गाठींत अडकलं हे बाहेरून मोजता येत नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये शरीराला आकार देण्यासाठी द्रव सिलिकॉन टोचण्याविरुद्ध सावध केलं होतं. ते शिरेत शिरून फुप्फुसात किंवा मेंदूत अडकतं. अशा व्यक्तीचा बीएमआय जसा येईल तसा लिहा, शेजारी 'अज्ञात पदार्थ, प्रमाण अज्ञात' असा शेरा घाला आणि त्या जागी इंजेक्शन देऊ नका. नितंबात लस किंवा प्रतिजैविक टोचण्याची सवय असलेल्यांना हे आधीच सांगावं लागतं. बसवलेल्या नितंब-इम्प्लांटलाही हेच लागू. सुई मांडीत किंवा दंडात.

इंचपट्टी

नोंद कशी लिहावी याचा नमुना देतो, वहीत उतरवून घ्या :

'वजन ६०.६ किलो (सकाळी, हलके कपडे). उंची १६०.० सेंमी. बीएमआय २३.७. दोन्ही स्तनांत जेल इम्प्लांट, ३००+३०० सीसी, अंदाजे ०.६ किलो. वजा करून बीएमआय २३.४. कंबर ७८ सेंमी.'

बीएमआय एका दशांशापर्यंतच. मूळ आणि वजा केलेला असे दोन्ही लिहावेत, फक्त दुसरा कधीही नाही, नाहीतर पुढचा माणूस त्यातून पुन्हा ०.६ वजा करतो. सीसीचा आकडा इम्प्लांटसोबत मिळणाऱ्या कार्डावर असतो. कार्ड हरवलं असेल तर शस्त्रक्रियेच्या नोंदीत चिकटवलेलं लेबल बघा.

वामकुक्षी

शेवटची शंका. सलाईनचं इम्प्लांट फुटलं तर काट्यावर कळेल का?

अर्धविराम

३०० ग्रॅम दिवसा-दोन दिवसांत लघवीवाटे जातील, पण रोजच्या चढउतारात ते दिसणार नाहीत. आरशात आधी दिसेल, ती बाजू सपाट होते. जेलचं फुटलं तर काटाही काही सांगत नाही आणि बहुतेकदा आरसाही नाही, कारण जेल तिथेच राहतो. त्याला सोनोग्राफी किंवा एमआरआय.